बीबीसी मायक्रो ते एचडीएमआय: एका शालेय संगणकाच्या चित्राचे प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातील एका माध्यमिक शाळेच्या भांडारखोलीत ॲकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो मॉडेल बी हे संगणक बरीच वर्षे पडून होते. केंद्र शासनाने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, त्यात पहिल्या टप्प्यात देशभरातील सुमारे २५० शाळा निवडल्या आणि त्यांना हेच यंत्र दिले. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडने ॲकॉर्नच्या परवान्याने ‘युनिकॉर्न’ या नावाने ते भारतातच तयार केले. त्या काळी शाळेत असलेल्या अनेकांनी आयुष्यातला पहिला ‘प्रिंट’ हा आदेश याच कळफलकावर टंकलेला आहे. त्यामुळे शाळेने विज्ञान प्रदर्शनात यातले एक यंत्र चालू अवस्थेत ठेवायचे ठरवले, आणि तेही काचेच्या पेटीत नव्हे, तर मुलांना प्रत्यक्ष हाताळता येईल असे, तेव्हा हे काम मनापासून करावे असेच वाटले.

शाळेच्या अपेक्षा तीन होत्या. चित्र आजच्या टीव्हीवर किंवा मॉनिटरवर यावे, मागच्या रांगेतील मुलालाही अक्षरे वाचता यावीत आणि मूळ यंत्रात शक्यतो काहीही बदल करू नये. संगणकासोबत आलेल्या मॉनिटरची एलओटी (पिक्चर ट्यूबला उच्च दाब पुरवणारा ट्रान्सफॉर्मर) जळालेली होती, पिक्चर ट्यूबही फिकी पडली होती, त्यामुळे तो दुरुस्त करण्याचा मार्ग बंद होता. आम्ही पोहोचण्यापूर्वी शाळेने ‘एव्ही टू एचडीएमआय’ म्हणून बाजारात मिळणारी एक लहान पेटी आणून जोडली होती. चित्र येत होते, पण ते करडे, थरथरणारे आणि ऐंशी स्तंभांच्या (एका ओळीत ऐंशी अक्षरे बसणाऱ्या) मजकुरात अजिबात न वाचता येणारे होते. ‘यंत्रच म्हातारे झाले’ असे शाळेतील बहुतेकांचे मत झाले होते. ते मत चुकीचे होते, आणि ते का चुकीचे होते हे समजून घेणे हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

चित्राकडे वळण्यापूर्वी एक काम टाळता येण्यासारखे नव्हते. या संगणकांच्या ॲस्टेक बनावटीच्या वीजपुरवठ्यात मुख्य वाहिनीवर रिफा कंपनीचे कागदी कपॅसिटर असतात. त्यांच्या पारदर्शक आवरणाला वर्षानुवर्षांनी बारीक तडे जातात, त्या तड्यांतून दमट हवा आत शिरते आणि वीज जोडल्यावर थोड्याच वेळात ते दाट, उग्र वासाचा धूर सोडून फुटतात. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर हे ठरलेलेच समजावे. पेटी उघडल्यावर आवरणावर जाळीसारखे तडे स्पष्ट दिसले. पुण्याच्या तपकीर गल्लीतून एक्स-२ वर्गाचे, म्हणजे मुख्य वीजवाहिनीवर बसवण्यासाठीचे, नवे कपॅसिटर आणून बसवले, ५ व्होल्टच्या तिन्ही जोड्या आणि उणे ५ व्होल्टची तार मोजून पाहिली आणि त्यानंतरच मुख्य बोर्ड जोडला. जुने यंत्र थेट वीज देऊन ‘बघू चालते का’ असे करणाऱ्यांना कळकळीने सांगावेसे वाटते, की ती पाच मिनिटांची घाई पुष्कळदा मूळ वीजपुरवठ्याच्या जिवावर येते.

यंत्र चालू होताच दोन सुरांचा ओळखीचा आवाज आला, म्हणजे आतले सर्व काही शाबूत होते. प्रश्न फक्त चित्र बाहेर नेण्याचा उरला.

यंत्र काय पाठवते आणि टीव्ही काय समजतो

बीबीसी मायक्रोच्या मागे चित्राची तीन तोंडे आहेत. एक यूएचएफ, म्हणजे जुन्या टीव्हीच्या अँटेनाच्या तोंडात जोडायचे. दुसरे बीएनसी जातीचे, ज्यातून संमिश्र म्हणजे काँपोझिट सिग्नल निघतो. आणि तिसरे सहा पिनांचे डिन, ज्यावर लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग वेगवेगळ्या तारांवर, चौथ्या पिनवर संयुक्त सिंक (रेषा आणि चित्र कुठे सुरू होते हे सांगणारा सिग्नल), पाचव्यावर शून्य आणि सहाव्यावर ५ व्होल्ट असतात. तिन्ही तोंडांतून चित्र एकच निघत असले, तरी त्याची गुणवत्ता एकसारखी नसते, आणि निर्णय नेमका इथेच घ्यायचा असतो.

या यंत्राची एक रेषा ६४ मायक्रोसेकंदांत रंगते, म्हणजे आडवी वारंवारता १५.६२५ किलोहर्ट्झ असते. संगणकाच्या व्हीजीए मॉनिटरची किमान वारंवारता साधारण ३१.५ किलोहर्ट्झ असल्यामुळे सरळ तारा जोडून तिथे काहीच दिसत नाही. दिसलेच तर ‘आउट ऑफ रेंज’ एवढेच दिसते. सेकंदाला चित्रे मात्र ५०, आणि हे आपल्या पथ्यावर पडते. भारतात दूरचित्रवाणीची पाल पद्धत असल्यामुळे इथे विकले जाणारे टीव्ही ५० हर्ट्झ निमूटपणे स्वीकारतात, तर संगणकासाठी बनवलेले अनेक मॉनिटर ६० हर्ट्झखाली यायला तयार नसतात.

या यंत्रात चित्राच्या मोड ० ते ७ अशा ठरावीक मांडण्या आहेत. ऐंशी स्तंभांच्या मोड ० मध्ये एका रेषेवर ६४० ठिपके ४० मायक्रोसेकंदांत निघतात, म्हणजे सेकंदाला १ कोटी ६० लाख ठिपके. एक ठिपका पांढरा आणि पुढचा काळा असेल, तर तो बदल ८ मेगाहर्ट्झचा होतो. दूरचित्रवाणीचा काँपोझिट सिग्नल हाताळणारे परिपथ ५ मेगाहर्ट्झच्या आसपासच थकतात, शिवाय पालची रंगवाहक लहर ४.४३ मेगाहर्ट्झवर बसलेली असते. त्यामुळे ऐंशी स्तंभांतील ‘एम’ किंवा ‘डब्ल्यू’ अक्षराच्या उभ्या रेघा त्या वाटेने वेगवेगळ्या पोहोचूच शकत नाहीत. पडद्यावर करडा ठोकळा दिसतो आणि वाचणारा अंदाजाने अक्षर ओळखतो. मॉडेल बी यंत्रात काँपोझिटवर रंग तर मुळातच जोडलेला नसतो. मुख्य बोर्डावरील एस-३९ हा दुवा जोडला तर रंग येतो, पण अक्षरांच्या कडांवर इंद्रधनुष्य उमटते आणि वाचनीयता आणखी घसरते. शाळेच्या पडद्यावरच्या करड्या चित्राचे कारण एवढेच होते.

थरथरण्याचे कारण मात्र वेगळे होते. सुरुवातीच्या स्थितीत हे यंत्र इंटरलेस सिंक पाठवते: एका फेरीत ३१२ पूर्णांक अर्धी रेषा आणि पुढच्या फेरीत तितक्याच, पण अर्ध्या रेषेने सरकलेल्या. मोड ० ते ६ मध्ये दोन्ही फेऱ्यांत चित्र तेच असते. काचेच्या ट्यूबवर याने किंचित लुकलुकण्यापलीकडे काही बिघडत नसे. नवी पेटी मात्र याला दोन अर्ध्यांचे एक चित्र समजते, दोन्ही अर्धी एकात एक विणते आणि हलत्या मजकुराच्या कडा कंगव्याच्या दात्यांसारख्या करून ठेवते. यावर अगदी सोपा उपाय यंत्राच्या मूळ कार्यप्रणालीतच आहे: ‘*टीव्ही ०,१’ हा आदेश देऊन मोड पुन्हा निवडला, की इंटरलेस बंद होतो आणि थरथर तिथल्या तिथे कमी होते. शिक्षकांसमोर हे करून दाखवले तेव्हा यंत्र म्हातारे झाल्याची चर्चा थांबली. मोड ७ ला हा आदेश लागू पडत नाही. टेलिटेक्स्टच्या (टीव्हीच्या पडद्यावर मजकूर दाखवण्याच्या पद्धतीच्या) त्या मोडमधील अक्षरे खरोखरच दोन फेऱ्यांत विभागलेली असतात आणि त्यांचा गोलावा दोन्ही फेऱ्या एकत्र आल्यावरच उमटतो.

ॲनालॉग वाटेने काय मिळाले

काँपोझिट बाद ठरल्यावर डिनच्या तोंडातून रंग घेणे ओघानेच आले. युरोपात याच कामी स्कार्ट जोडणी सर्रास वापरली जात असे, पण आपल्याकडच्या टीव्हींवर ती फारशी आलीच नाही. म्हणून जीबीएस-८२०० हा स्वस्त आणि सहज मिळणारा बोर्ड आधी तपासला. जुन्या गेमिंग यंत्रांसाठी बनलेला हा बोर्ड १५ किलोहर्ट्झचे आरजीबी (लाल, हिरवा, निळा) घेतो आणि व्हीजीए देतो.

इथे एक धोका आहे आणि तो ठळकपणे सांगायला हवा. बीबीसी मायक्रोचे रंग टीटीएल पातळीचे आहेत, म्हणजे तार एक तर शून्यावर असते किंवा वर, मधली छटा नाहीच. आमच्या मोजणीत वरची पातळी सुमारे ४ व्होल्ट भरली. ॲनालॉग आरजीबी घेणाऱ्या बोर्डाला मात्र ७५ ओहमवर जास्तीत जास्त ०.७ व्होल्ट अपेक्षित असतात. सरळ तारा जोडल्या तर चित्र भडक होऊन पांढरे फटक पडते, आणि बोर्डाचा आवक भाग पुढेमागे निकामी होऊ शकतो. गणित सोपे आहे: ७५ ओहमवर ०.७ व्होल्ट हवे असतील आणि उरलेले ३.३ व्होल्ट आधीच्या रेझिस्टरवर पडायचे असतील, तर तो साधारण ३५४ ओहम हवा. यंत्राच्या आतला थोडा रोध जमेस धरून प्रत्येक रंगाच्या तारेत ३३० ओहमचा रेझिस्टर घातला, सिंकच्या तारेत ४७० ओहमचा. हे सर्व केबलमध्येच सोल्डर केले, त्यामुळे मूळ यंत्राला हात लावावा लागला नाही.

चित्र पूर्वीपेक्षा खूपच सुधारले. रंग स्वच्छ, आठही वेगळे ओळखू येत होते आणि मोड १ व मोड २ मधील चित्रे टीव्हीवर समाधानकारक दिसत होती. ऐंशी स्तंभांच्या मजकुराने मात्र या मार्गाची मर्यादा दाखवून दिली. जवळ जाऊन पाहिले, तर एकाच ओळीतील दोन ‘एम’ अक्षरे सारखी नव्हती: एकाची मधली रेघ ठसठशीत, दुसऱ्याची अर्धी पुसलेली. याचे कारण मोजमापात आहे. संगणकाची एक पूर्ण रेषा १०२४ ठिपक्यांएवढी असते. ती मोजणारा बोर्ड स्वतःच्या ठरलेल्या संख्येने नमुने घेतो, त्यामुळे काही नमुने ठिपक्याच्या मधोमध पडतात तर काही दोन ठिपक्यांच्या सांध्यावर. सांध्यावर पडलेला नमुना दोघांची सरासरी दाखवतो, म्हणजे करडा रंग दाखवतो. जीबीएस-कंट्रोल नावाची पर्यायी प्रणाली ईएसपी-८२६६ या छोट्या नियंत्रक चिपच्या साहाय्याने या बोर्डावर चालवली, तर तो बराच शहाण्यासारखा वागतो, आणि घरगुती खेळयंत्रासाठी आम्ही तीच वाट सुचवू. पण शाळेच्या टीव्हीला व्हीजीए नव्हते. म्हणजे या बोर्डानंतर आणखी एक पेटी लावून एचडीएमआय करायचे, म्हणजे पुन्हा एकदा मोजमाप. दोन पेट्या, दोन ॲडॉप्टर आणि प्रत्येक टप्प्यावर थोडी झीज, असा तो मांडव उभा राहत होता.

ओएसएससी या रेषा दुप्पट करणाऱ्या उपकरणात नमुन्यांची संख्या बरोबर १०२४ ठेवता येते आणि नमुन्याचा क्षणही सरकवता येतो. ते उत्तम साधन आहे. परंतु त्यासाठीही रंगांची पातळी खाली आणावी लागते, शिवाय शाळेच्या खर्चाच्या मर्यादेत ते बसत नव्हते.

मुळात अंकीय असलेले चित्र

या टप्प्यावर प्रश्न वेगळ्या बाजूने पाहणे भाग होते. यंत्राच्या तीन तारांवर कोणत्याही क्षणी फक्त हो किंवा नाही एवढीच माहिती असते, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला तीन बिट. एचडीएमआयही अंकीयच आहे. दोन अंकीय टोकांच्या मध्ये आपण मुद्दाम रेझिस्टर लावून सिग्नल ॲनालॉग करायचा, मग तो पुन्हा मोजून अंकीय करायचा आणि त्या मोजणीत झालेली चूक सुधारण्यासाठी धडपडायचे, याला अर्थ नव्हता. तीन बिट जसे आहेत तसेच योग्य क्षणी उचलले, तर झीज होण्याला जागाच उरत नाही.

हेच काम करणारी ‘आरजीबी-टू-एचडीएमआय’ ही मुक्त रचना उपलब्ध आहे, आणि विशेष म्हणजे तिचा जन्मच बीबीसी मायक्रोसाठी झाला. तिच्यात रास्पबेरी पाय झिरो हा एक छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’) आणि एक छोटी सीपीएलडी, म्हणजे हवा तसा परिपथ भरता येणारी चिप, असते. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, त्यांना संगणकाचे ५ व्होल्ट सरळ दिले तर त्या मरतील. झायलिंक्सची एक्ससी-९५७२-एक्सएल ही सीपीएलडी मात्र ५ व्होल्ट सहन करते, म्हणून ती मध्ये उभी राहते. ती प्रत्येक ठिपक्याचे तीन बिट टिपते, चार ठिपक्यांचा गट करून पायकडे देते, आणि पाय त्यांचे चित्र रचून एचडीएमआयवर पाठवतो. पायवर लिनक्स वगैरे काही नसते, प्रणाली थेट चालते, त्यामुळे वीज देताच काही क्षणांत चित्र येते. शाळेच्या दृष्टीने ही फार मोठी सोय होती.

तिची खरी करामत वेळ साधण्यात आहे. नमुन्याचे घड्याळ ९६ मेगाहर्ट्झवर चालते. १६ मेगाहर्ट्झच्या मोडमध्ये प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला त्याचे ६ ठोके येतात, आणि मोड ७ च्या १२ मेगाहर्ट्झला ८. या ठोक्यांपैकी नेमक्या कोणत्या ठोक्यावर ठिपका टिपायचा, हे कॅलिब्रेशनचे (वेळेच्या जुळवणीचे) बटण दाबल्यावर उपकरण स्वतः पडताळून ठरवते: पडद्यावर स्थिर मजकूर ठेवायचा, उपकरण प्रत्येक शक्यता वापरून लागोपाठच्या चित्रांतील फरक मोजते आणि सर्वांत कमी चूक देणारा ठोका निवडते. शिवाय संगणकाच्या रेषेची लांबी मोजून पाय आपले घड्याळ त्याच्याशी जुळवून घेतो, त्यामुळे रेषेच्या डाव्या टोकाला बरोबर आणि उजव्या टोकाला घसरलेले असे होत नाही.

मोड ७ ने मात्र सर्वांत जास्त वेळ घेतला, आणि तो द्यायलाच हवा होता, कारण यंत्र चालू केल्यावर पहिला पडदा याच मोडमध्ये येतो. अक्षरे काढणाऱ्या एसएए-५०५० या चिपला ६ मेगाहर्ट्झचे घड्याळ लागते. बीबीसी मायक्रोत ते स्वतंत्र स्फटिकातून येत नाही; यंत्रात असलेल्या १६ मेगाहर्ट्झच्या मूळ घड्याळातूनच जुळवाजुळव करून काढलेले आहे. १६ ला ६ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे त्या घड्याळाचे ठोके समान अंतरावर पडत नाहीत आणि ठिपकेही काही रुंद, काही अरुंद निघतात. काचेच्या ट्यूबवर हा फरक कोणाच्या लक्षातही आला नसता. सरसकट एकच नमुनाक्षण ठेवला, तेव्हा आमच्या पडद्यावर ‘बी’ आणि ‘ई’ च्या उभ्या कडेवर एक-दोन ठिपके सतत चमकत राहिले. या रचनेत त्यासाठीच ठिपक्यांच्या आवर्तनातील सहा जागांना सहा वेगळे नमुनाक्षण देता येतात. कॅलिब्रेशन मोड ७ मध्ये वेगळे चालवल्यावर ती चमक पूर्णपणे गेली आणि काळ्या पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२ के’ ही ओळ अशी उमटली, की अक्षरांच्या गोलाव्यातील अर्धे ठिपकेही मोजता यावेत. शाळेतून निवृत्त झालेल्या संगणकाच्या बाई त्या वेळी तिथे होत्या. “आमच्या मॉनिटरवरसुद्धा हे इतकं स्पष्ट दिसत नव्हतं,” असे त्या म्हणाल्या, आणि मोजमापाच्या अंगाने पाहता ते अक्षरशः खरे आहे.

पडद्याची निवड

टीव्हीवर चित्र नीट आल्यावरही दोन बाबी राहिल्या. इंटरलेस बंद केल्यावर एका चित्रात बरोबर ३१२ रेषा उरतात, म्हणजे संगणक सेकंदाला ५०.०८ चित्रे पाठवतो. टीव्हीकडे जाणारा सिग्नल काटेकोर ५० हर्ट्झचा ठेवला, तर दर साडेबारा सेकंदांनी एक चित्र गळते आणि सरकता मजकूर क्षणभर अडखळतो. उपकरणातील जेनलॉक चालू केले, की एचडीएमआयची गती संगणकाच्या गतीला बांधली जाते आणि अडखळणे थांबते. शाळेच्या टीव्हीने ही किंचित वेगळी गती तक्रार न करता स्वीकारली. प्रत्येक पडदा स्वीकारेलच असे नाही, म्हणून हे प्रत्यक्ष जोडूनच पाहावे लागते.

दुसरी बाब प्रमाणाची. टीव्ही १६:९, चित्र ४:३ च्या ट्यूबसाठी बनलेले. टीव्हीचा ‘झूम’ बंद करून आणि चित्र पूर्ण पडद्यावर न ताणता मधोमध ठेवले. २५६ रेषा प्रत्येकी चार वेळा दाखवल्या तर १०२४ होतात आणि १०८० च्या उंचीत बरोबर मावतात, त्यामुळे कोणतीही रेषा अर्धवट जाड होत नाही.

मुलांच्या हाताशी ठेवायच्या जागेसाठी आम्ही टीव्हीऐवजी कार्यालयांतून निघालेला १२८० गुणिले १०२४ चा जुना चौकोनी एलसीडी मॉनिटर सुचवला. जुन्या सामानाच्या दुकानांत तो नगण्य किमतीत मिळतो. डीव्हीआय तोंडाचा पाहून घेतला, तर एचडीएमआयची साधी बदलजोडणी पुरते. मोड ० चे ६४० ठिपके दुप्पट आणि २५६ रेषा चौपट केल्या, की हा पडदा काठोकाठ भरतो, एकही ठिपका ओढाताणीने बसवावा लागत नाही. याची किंमत थोड्या रुंदीच्या रूपाने मोजावी लागते. ट्यूबवर या चित्राचे रुंदी-उंचीचे प्रमाण सुमारे १.१५ होते, इथे ते १.२५ होते, म्हणून बेसिकमध्ये काढलेले वर्तुळ किंचित आडवे दिसते. अक्षरांची स्पष्टता आणि वर्तुळाचा गोलपणा यांतून एक निवडायचे असेल, तर वाचायला शिकवणाऱ्या यंत्रासाठी अक्षरे निवडावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. जिथे खेळ आणि चित्रे दाखवायची आहेत तिथे निर्णय उलटा असू शकतो. मॉनिटर घेताना तो ५० हर्ट्झ स्वीकारतो का, हे दुकानातच तपासले. आधी पाहिलेल्या एका मॉनिटरने ते नाकारले होते.

अंतिम मांडणीत डिनच्या तोंडापासून छोटी केबल, तिच्या टोकाला प्लॅस्टिकच्या डबीत बसवलेले उपकरण आणि तिथून एचडीएमआय, एवढेच राहिले. सहाव्या पिनवरचे ५ व्होल्ट उपकरणाला पुरतात, त्यामुळे वेगळा ॲडॉप्टर लागला नाही आणि संगणकाचे एकच बटण दाबून दोन्ही चालू होतात. मुलांच्या ओढाताणीत डिनचे जुने तोंड ढिले होऊ नये, म्हणून केबल टेबलाला पट्टीने आवळली. मूळ बोर्डावर एकही सोल्डर केलेला नाही. उद्या कोणाला ट्यूबचा मॉनिटर दुरुस्त करून जोडावासा वाटला, तर डबी काढून तो तसाच जोडता येईल.

शाळेकडे दिलेल्या कागदावर तीन सूचना आहेत. उरलेल्या यंत्रांपैकी कोणतेही यंत्र सुरू करण्यापूर्वी त्याच्या वीजपुरवठ्यातील कपॅसिटर बदलावेत. यंत्र बदलले तर कॅलिब्रेशन पुन्हा करावे, मोड ० ते ६ साठी एकदा आणि मोड ७ साठी वेगळे, आणि तेही यंत्र दहा-पंधरा मिनिटे तापल्यावर. आणि रेझिस्टर घातलेली पहिली केबल या उपकरणाला जोडू नये, कारण त्या रेझिस्टरांमुळे त्याच्याकडे जाणारी पातळी डळमळीत होऊ शकते. ती केबल वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावून जीबीएस-८२०० बोर्डासोबत ठेवली आहे.